जुना फोन इतक्यात कुणाला देऊ नका

पत्र

"नमस्कार. मी मिरजेत राहते, वय ५८. घरी गाण्याचे वर्ग घेते. गेली अकरा वर्षं अँड्रॉइड फोनच वापरतेय, आताचा तिसरा. मुलगा अमेरिकेतून सुट्टीवर आलाय, येताना माझ्यासाठी तिथूनच आयफोन १६ घेऊन आला. 'आई, एका संध्याकाळी सगळं करून देतो, तू फक्त चहा कर,' म्हणतो. त्याला परत जायला आठ दिवस उरलेत. फोन अजून खोक्यातच आहे.

माझ्या फोनमध्ये मेमरी कार्ड आहे. गुरुजींनी मला शिकवलेल्या बंदिशींचं रेकॉर्डिंग त्यात आहे. गुरुजी आता नाहीत. व्हॉट्सॲपवर वर्गाचे तीन ग्रुप आहेत, परदेशातल्या दोन मुली व्हिडिओ कॉलवर शिकतात, फी यूपीआयवर येते. तानपुऱ्याचं ॲप पैसे भरून घेतलंय. सिम दोन आहेत. आणि जुना फोन आमच्या कामाच्या मावशींच्या मुलीला द्यायचं मी कबूल करून बसलेय.

खरं सांगू का, मला नवा फोन नकोच आहे. पण मुलाचं मन मोडवत नाही. परत घेऊन जा म्हणू का? आणि ठेवलाच, तर माझं काय काय हरवेल?"

उत्तर

ताई, नमस्कार.

फोन परत पाठवू नका. "नकोच आहे" हे तुमचे शब्द मी दोनदा वाचले. त्यात मला नव्या वस्तूचा कंटाळा दिसला नाही, गुरुजींच्या आवाजाची काळजी दिसली. ती रास्त आहे आणि तिच्यावर उपायही आहे. नीट क्रमानं गेलात तर तुमची एकही बंदिश, ग्रुपमधला एकही निरोप हरवणार नाही. फक्त मुलाचं ते "एका संध्याकाळी" तेवढं ऐकू नका. चार-पाच दिवस घ्या, आणि फोन तुमच्या हातात ठेवा. मुलानं शेजारी बसावं, सांगावं, बोट तुमचं चालावं.

हे इतक्या ठामपणे सांगतेय, कारण काही वर्षांपूर्वी मी वडिलांचा फोन असाच एका संध्याकाळी बदलून दिला होता. ते शेजारी बसून बघत होते आणि मी भराभर पुढे पुढे जात होते. त्यांच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप गुगल ड्राइव्हवर होता, तो आयफोनवर आपोआप उतरेल असं मी धरून चालले आणि दुसऱ्याच दिवशी जुना फोन दुकानात एक्स्चेंजला दिला. गुगल ड्राइव्हवरचा व्हॉट्सॲप बॅकअप आयफोनवर उतरत नाही, हे मला त्यानंतर कळलं. बालमित्रांच्या ग्रुपमधली त्यांची आठ वर्षं गेली. त्याहून वाईट वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. रेल्वेचं तिकीट स्वतः काढणारा माणूस, पुढे वर्षभर प्रत्येक कामाला फोन माझ्यापुढे धरायचा, "तूच बघ" म्हणायचा. फोन त्यांचा होता, पण त्यात काय कुठे ठेवलंय ते मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. तुमच्या घरी असं होऊ नये. तुमचा मुलगा तर आठ दिवसांनी सात समुद्रापलीकडे असेल.

तर सगळ्यात आधी गुरुजी. आयफोनला मेमरी कार्डाची जागाच नाही. २००७ सालच्या पहिल्या आयफोनलाही नव्हती, आजही नाही. म्हणून नवा फोन खोक्यातून काढण्याआधी एक काम उरकून टाका. जुना फोन बंद करा, कार्ड काढा, कार्ड रीडरमध्ये घालून मुलाच्या लॅपटॉपला लावा आणि रेकॉर्डिंगचं अख्खं फोल्डर लॅपटॉपवर कॉपी करा. कॉपीच करा, कट नको. झालं की दोन्हीकडच्या फायली मोजून बघा. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की आकडा दिसतो. इकडे २१२ असतील तर तिकडेही २१२च हव्यात. मग अधल्यामधल्या चार-पाच फायली उघडून शेवटपर्यंत ऐका. एवढं जमलं की दुसरी प्रत पेनड्राइव्हवर घ्या, आणि तो पेनड्राइव्ह फोनजवळ ठेवू नका, दागिने ठेवता त्या कपाटात ठेवा. तिसरी प्रत गुगल ड्राइव्हवर चढवा. तिथे १५ जीबी फुकट मिळतात, पण जीमेल आणि फोटोही त्यातच मोजले जातात, तेव्हा आधी किती जागा उरलीय ते पाहा. कार्ड जुनं होतं तसं कधी दगा देईल सांगता येत नाही. फोन बदलला नसता तरी हे काम करायचंच होतं.

आणखी एक सुचवते. या फायलींची नावं बहुधा नुसते आकडे आणि तारखा असतील. कुठल्या फायलीत कोणता राग, विलंबित कुठलं, छोटा ख्याल कुठला, मध्येच गुरुजी थांबून "हे असं नाही, परत म्हण" कुठे म्हणतात, हे सांगू शकणारं माणूस जगात एकच आहे, ते म्हणजे तुम्ही. रोज दहा फायली ऐका आणि नावं बदला. राग, बंदिशीचे पहिले दोन शब्द, आठवत असेल तर साल. नाव देवनागरीत चालतं. हे काम मुलाला जमणार नाही, कुठल्या ॲपलाही नाही, आणि पुढे एखाद्या शिष्येला हा ठेवा द्याल तेव्हा तिला ती नावंच लागतील.

ही रेकॉर्डिंग आयफोनमध्ये कशी यायची? अँड्रॉइडवर तुम्ही फोल्डर उघडता, फाइल दाबता, वाजते. आयफोनमध्ये प्रत्येक ॲप आपलं सामान आपल्याच खोलीत ठेवतं. सगळ्यांची सामायिक अशी एक माजघरासारखी जागा आहे, तिचं नाव फाइल्स. निळ्या फोल्डरचं चित्र असलेलं ॲप. तुमच्या आयफोन १६ला यूएसबी-सी पोर्ट आहे, म्हणून यूएसबी-सीचा छोटा कार्ड रीडर थेट फोनला लावता येतो. फाइल्समध्ये कार्ड दिसलं की सगळं निवडून "ऑन माय आयफोन"मध्ये कॉपी करायचं. ऐकण्यासाठी व्हीएलसी नावाचं फुकट ॲप घ्या. जुन्या फोनच्या रेकॉर्डरनं कुठल्याही प्रकारची फाइल बनवली असली तरी ते सहसा वाजवतं. आयफोनच्या म्युझिक ॲपमध्ये मात्र शोधत बसू नका, तिथे ही रेकॉर्डिंग दिसणार नाहीत आणि उगाच काळजाचा ठोका चुकेल.

आता फोन बाहेर काढा, पण चालू करण्याआधी कडेकडेनं बोट फिरवून बघा. सिमचा ट्रे सापडणार नाही. अमेरिकेत विकले जाणारे आयफोन 'आयफोन १४' या मॉडेलपासून, म्हणजे २०२२पासून, सिमच्या खाचेशिवाय येतात. भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोन १६ला ट्रे असतो, तिथून आणलेल्याला नसतो. तुमची दोन्ही सिमकार्डं या फोनमध्ये घालताच येणार नाहीत, त्यांचं ई-सिम करून घ्यावं लागेल. म्हणजे प्लास्टिकच्या कार्डाऐवजी कंपनी तुमचा नंबर थेट फोनच्या आत उतरवते. नंबर तोच, प्लॅनही तोच. मुलगा म्हणाला होता ती एक संध्याकाळ इथेच संपते.

मुलाला आणखी एक गोष्ट विचारा, संकोच करू नका. फोन तिथल्या मोबाइल कंपनीकडून हप्त्यावर घेतलाय का? तसा असेल तर तो त्या कंपनीला बांधलेला असू शकतो आणि मग आपल्याकडचं कुठलंच सिम त्यात चालत नाही. फोन सुरू झाला की सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात अबाउट, तिथे खाली कॅरियर लॉक असं लिहिलेलं दिसेल. त्यापुढे "नो सिम रिस्ट्रिक्शन्स" असेल तर चिंता मिटली. नसेल तर तो सोडवून घेणं मुलाच्याच हातात आहे, आणि तो इथे असतानाच हे कळलेलं बरं.

आता पहिल्यांदा फोन चालू करतानाचा टप्पा. माझ्याकडून चूक झाली ती इथेच, म्हणून जरा थांबून सांगते. जुन्या फोनवर प्ले स्टोअरमधून "मूव्ह टू आयओएस" हे ॲप घ्या. ते ॲपलचंच आहे, २०१५पासून आहे. दोन्ही फोन चार्जिंगला लावा, शेजारी शेजारी ठेवा. आयफोन ई-सिमबद्दल विचारेल, तिथे "नंतर" म्हणा. वायफाय जोडा. पुढे माहिती कुठून आणायची असं विचारणारं पान येतं, तिथे "फ्रॉम अँड्रॉइड" निवडा. आयफोन एक आकडा दाखवील, तो जुन्या फोनवर टाका. मग काय काय न्यायचं त्याची यादी येईल. त्यात व्हॉट्सॲप दिसेल, त्यावर टिक करा आणि जुना फोन सांगेल तसं करा. तो गप्पांची गठडी बांधतो आणि व्हॉट्सॲपमधून तुम्हाला बाहेर काढतो. घाबरू नका, हे तसंच व्हायचं असतं. जुन्या फोनवर तुम्ही स्वतः पुसत नाही तोवर सगळं तिथेही शाबूत राहतं.

व्हॉट्सॲप अँड्रॉइडवरून आयफोनवर नेण्याची ही सोय २०२२पासून आहे आणि ती फोन नवाकोरा असताना, नाहीतर पूर्ण पुसून पुन्हा सुरू केल्यावरच मिळते. घाईघाईत ते पान ओलांडून पुढे गेलात तर आयफोन पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून या पानाशी मुलाला म्हणा, "थांब, मला वाचू दे." नव्या फोनवर व्हॉट्सॲप तुमच्या त्याच नंबरानं सुरू करायचं. पडताळणीचा एसएमएस जुन्या फोनवर येईल, कारण सिम अजून तिथेच आहे. व्हॉट्सॲप आधी आणि सिम नंतर असा क्रम मी सांगतेय तो याचसाठी. तीन ग्रुप आणि त्यातल्या सगळ्या ऑडिओ क्लिप म्हटल्यावर तास-दोन तास सहज लागतील. तोवर जुन्या फोनवर ते ॲप समोर उघडंच राहू द्या, मध्ये फोनवर बोलायला घेऊ नका. शक्य तर रात्री जेवणं झाल्यावर करा.

याच वेळी ॲपल अकाउंट तयार करायला सांगतील. मुलगा म्हणेल, "माझंच टाकतो, सोपं पडेल." नको. अकाउंट तुमच्या नावाचं, तुमच्या नंबराचं आणि देश भारत असलेलं हवं. देश अमेरिका ठेवलात तर ॲप स्टोअर अमेरिकेतलं उघडतं, आणि आपल्याकडची काही ॲप्स तिथे मिळत नाहीत. मुलगा गेल्यावर एखाद्या दुपारी हे लक्षात येतं आणि मग फार हतबल वाटतं. त्याला मदत करायचीच असेल तर सेटिंग्जमध्ये रिकव्हरी कॉन्टॅक्ट म्हणून त्याचं नाव घाला. तुम्ही पासवर्ड विसरलात तर तो त्याच्या फोनवरून तुम्हाला कोड सांगू शकेल. पासवर्ड आणि फोनचा सहा आकडी पासकोड वहीत लिहून ठेवा. आयफोन ज्या अकाउंटला जोडलेला असतो त्याचा पासवर्ड हरवला तर पुसून पुन्हा सुरू केलेला फोनही उघडत नाही. चोरापासून वाचवणारं कुलूप आहे ते, पण किल्ली हरवली तर मालकही बाहेरच उभा राहतो.

दुसऱ्या दिवशी सिम. दोन्हींपैकी आधी कोणतं? बँक आणि आधार ज्या नंबराला जोडलेत ते, आणि फक्त तेच. दुसरं सिम महिनाभर जुन्या फोनमध्येच राहू द्या. आयफोनवर डायल पॅडवर *#०६# दाबा, लांबलचक आकडे दिसतील. त्यातला ईआयडी, म्हणजे फोनमधल्या ई-सिमचा ओळख क्रमांक, ३२ आकड्यांचा असतो. ते पान मुलाला फोटो काढून ठेवायला सांगा आणि ओळखपत्र घेऊन आपल्या सिम कंपनीच्या दुकानात जा. एसएमएसनंही हे होतं, पण पहिल्यांदा करताना माणसासमोर बसून केलेलं बरं. क्यूआर कोड मिळाला तर तो आयफोननंच स्कॅन करायचा असतो, म्हणून कोड दुसऱ्या स्क्रीनवर किंवा कागदावर हवा, आणि आयफोनला तेव्हा वायफाय हवं. ई-सिम सुरू झालं की जुनं कार्ड निकामी होतं, ते परत जुन्या फोनमध्ये घालून चालणार नाही. म्हणून नीट खात्री करूनच होकार द्या.

आता एक गोष्ट वहीत अधोरेखित करून ठेवा. सिम बदललं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस जात-येत नाहीत. कुणी चोरून तुमच्या नंबराचं सिम काढलं तर लगेच खातं रिकामं करता येऊ नये, म्हणून हा सरकारी नियम आहे. फोन लागेल, इंटरनेट चालेल, पण ओटीपी येणार नाही. हे ठाऊक नसलं की माणूस नव्या फोनला दोष देत बसतो, बँकेच्या ॲपमध्ये दहादा प्रयत्न करतो आणि चुकीच्या प्रयत्नांमुळे खातं गोठवून घेतो. सिम सकाळी बदला, वीजबिल वगैरे आदल्या दिवशी भरून टाका, घरात थोडे सुटे पैसे ठेवा आणि तो दिवस बँकेला हातच लावू नका. दरम्यान "ई-सिम सुरू करून देतो" असा कुणाचा फोन आला तर एक अक्षर न बोलता ठेवून द्या. आलेला कोड कुणालाही सांगू नका. काही गडबड झालीच तर सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा नंबर आहे.

तिसऱ्या दिवशी यूपीआय. अँड्रॉइडवर ॲप तुमच्या सिममधून बँकेला गुपचूप एक एसएमएस पाठवतं, तुम्हाला कळतही नाही. आयफोन कुठल्याही ॲपला असं परस्पर पाठवू देत नाही. तो मेसेज तुमच्यासमोर उघडतो, त्यात विचित्र अक्षरांची ओळ असते, आणि बाणाचं बटण तुम्हीच दाबायचं असतं. बरेच जण तो फसवणुकीचा मेसेज समजून मागे फिरतात आणि मग "आयफोनवर यूपीआय चालत नाही" म्हणतात. तुम्ही स्वतः ॲप उघडून नोंदणी सुरू केलेली असेल तर बिनधास्त पाठवा, त्यातलं एक अक्षरही बदलू नका. सिममध्ये एसएमएस पाठवण्यापुरता बॅलन्स हवा. नोंदणी झाल्यावर पहिले एक ते तीन दिवस एकूण ५००० रुपयांच्या आसपासचीच मर्यादा असते, आयफोनवर ती सहसा जास्त दिवस टिकते. म्हणून मोठी रक्कम त्या दिवसांत ठरवू नका. फी मात्र येतच राहील. तुमचा यूपीआय आयडी आणि दाराशी लावलेला क्यूआर कोड खात्याला बांधलेले आहेत. फोन बंद असला तरी पैसे खात्यात जमा होतात.

आता गाण्याचं. तानपुऱ्याचं ॲप प्ले स्टोअरवर घेतलेलं असलं तरी ते पैसे ॲप स्टोअरला चालत नाहीत, पुन्हा भरावे लागतात. लगेच भरू नका. जुन्या फोनमधलं मुख्य सिम गेलं तरी तो वायफायवर चालतो आणि तानपुरा तर इंटरनेटशिवायही वाजेल. महिनाभर तो फोन तानपुरा म्हणूनच ठेवा. एरवीही व्हिडिओ कॉल चालू असताना त्याच फोनवर दुसऱ्या ॲपचा आवाज बहुधा थांबतो. तोवर तुमची सगळी जुळणी कागदावर उतरवा. स्वतःसाठी काळी चार, अमक्या मुलीसाठी पांढरी पाच, पहिली तार पंचमात की मध्यमात, गती किती. ॲप नवं घेतलं तरी ही जुळणी आपोआप येत नाही.

पहिला व्हिडिओ वर्ग घ्याल तेव्हा पलीकडच्या मुलीला विचारा, "तानपुरा ऐकू येतोय का?" नाही म्हणाली तर गोंधळून जाऊ नका. हल्लीचे फोन बोलण्याखेरीज सतत चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर समजतात आणि गाळून टाकतात. तानपुरा त्यांच्या लेखी पंखाच. कॉल चालू असताना स्क्रीनच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातून बोट खाली ओढा, तिथे माइक मोड मिळेल. "व्हॉइस आयसोलेशन" लागलेलं असेल तर ते काढून "वाइड स्पेक्ट्रम" लावा. मग खोलीतला सगळा आवाज पलीकडे पोचतो, तंबोऱ्याचाही. झूमवर शिकवत असाल तर त्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी "ओरिजिनल साउंड" अशी वेगळी सोय आहे. आणि एक आनंदाची गोष्ट. आयफोनमधलं व्हॉइस मेमोज हे साधं दिसणारं ॲप गळ्याच्या रियाजासाठी फार चांगलं आहे. सेटिंग्जमध्ये त्याचा ऑडिओ क्वालिटी हा पर्याय लॉसलेसवर, म्हणजे आवाजातलं काही न गाळता साठवण्यावर, ठेवा. जागा जास्त खातं, पण आकार सोडतानाची श्वासाची हालचालसुद्धा येते. तुमचा जुना इयरफोन गोल पिनेचा असेल तर यूएसबी-सीचं अडॅप्टर लागेल. विकत घेण्याआधी दुकानातच लावून बघा.

फोटोंबद्दल थोडक्यात. ते गुगल फोटोजमध्ये असतील तर आयफोनवर तेच ॲप घ्या, त्याच जीमेलनं उघडा, सगळे दिसतील. आयक्लाउडमध्ये, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठवणीत, फुकट जागा ५ जीबीच असते, ती आठवड्यात भरते आणि फोन रोज पैसे मागायला लागतो. तुम्ही गुगलवरच राहणार असाल तर सेटिंग्जमध्ये आयक्लाउड फोटोज बंद करून टाका. मराठीत लिहिणंही थांबणार नाही. कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी आहे, आणि तुम्हाला गुगलच्या कीबोर्डाची सवय असेल तर तोही आयफोनवर मिळतो. बंदिशीचे शब्द मुलींना पाठवायचे तसेच पाठवाल.

सगळ्यात जास्त छळेल ते मात्र यातलं काहीच नाही. मागे जायचं बटण छळेल. अकरा वर्षं तुमचा अंगठा खाली जाऊन मागे येतोय. आयफोनला ते बटण नाही. स्क्रीनच्या डाव्या कडेवरून आत बोट ओढलं की मागचं पान येतं. काही ठिकाणी तेही चालत नाही, तिथे वरच्या कोपऱ्यात "डन" किंवा फुली शोधावी लागते. घरच्या पानावर यायला खालच्या कडेवरून वर. पहिले आठ-दहा दिवस अंगठा रिकाम्या जागेवर पडेल आणि जीव वैतागेल. तुमच्या गावात सतारमेकर गल्लीत तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झंकार, मनासारखी होईपर्यंत खेपा घालायला तुम्ही कंटाळत नसाल, तेवढाच वेळ या अंगठ्याला द्या. फारच अडलं तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत असिस्टिव्ह टच चालू करा, स्क्रीनवर एक गोल ठिपका येतो आणि तो दाबून घरी परतता येतं. अक्षरं मोठी करायची सोयही तिथेच आहे, ती पहिल्या दिवशीच करून घ्या.

मुलाच्या उरलेल्या दिवसांत त्याच्याकडून एवढंच मागा. रोज अर्धा तास त्यानं समोर बसावं आणि तुम्ही त्याला एक काम करून दाखवावं. आज ग्रुपवर ऑडिओ पाठवणं, उद्या विद्यार्थिनीला व्हिडिओ कॉल, परवा भाजीवाल्याला पैसे. अडलात तरी त्यानं फोन हातात घ्यायचा नाही, तोंडानं सांगायचं. गाणं शिकवताना तुम्हीही शिष्येच्या गळ्यातून स्वर काढून देत नाही, तिलाच लावायला लावता. त्याला हे असंच सांगा, पटेल. आणि दुसऱ्या सिमचं ई-सिम तो गेल्यानंतर तुम्ही स्वतः करा.

राहिली मावशींची मुलगी. तिला तुम्ही शब्द दिलाय आणि ती वाट बघत असेल, म्हणून तिला टाळत राहू नका. आजच बोलवा आणि कॅलेंडरवर बोट ठेवून महिन्यानंतरची तारीख सांगा. त्या तारखेच्या आधी दुसरं सिम नव्या फोनवर गेलेलं असावं, तानपुऱ्याचं ॲप नव्यानं घेतलेलं असावं, कार्डावरची शेवटची फाइल नाव देऊन झालेली असावी. मग जुन्या फोनमधून मेमरी कार्ड काढून घ्या, सेटिंग्जमधल्या अकाउंट्समध्ये जाऊन तुमचं गुगल खातं काढून टाका, आणि त्यानंतर फोन पूर्ण रीसेट करा. खातं न काढता कुणी परस्पर पुसला तर तो चालू होताना तुमचाच पासवर्ड मागत बसेल आणि बिचारी पोर दर वेळी तुमच्या दारात येईल. रीसेट झाल्यावर तिला समोर बसवा, तिचं स्वतःचं खातं तिच्या हातानं उघडू द्या, आणि चार्जरसकट फोन तिला द्या.